सौंसरच्या जिनिंगसमोरचा कुर्डू

कोजागिरीनंतरचा शनिवार. नागपूर स्टेशनवर पांढुर्ण्याची दोन साधी तिकिटं काढली, एकशे वीस रुपये झाले. त्या वेळी हजर होतो मी, माझी पत्नी सुनंदा आणि आम्हाला सोडायला आलेला तिचा मामेभाऊ. गाडी सुटेपर्यंत तो एकच विचारत होता, पांढुर्ण्याला पाहण्यासारखं आहे तरी काय?

पाहण्यासारखं म्हणजे काय, हे आम्ही दोघांनी आपापल्यापुरतं ठरवलेलं आहे. मी बंद पडलेल्या जुन्या इमारतींचे फोटो काढतो. सुनंदा रानफुलांचे काढते, तेही दुर्मीळ नव्हेत, कुणाच्याही कुंपणाशी उगवणाऱ्या फुलांचे. तिची अट एवढीच की फूल कुणी मुद्दाम लावलेलं नसावं. मी पुण्यात एका बांधकाम कंत्राटदाराकडे मोजमापांची बिलं तपासतो. त्या कामामुळे 'भली मोठी इमारत' असं काही माझ्या हातून लिहिलं जात नाही. भिंत किती फूट, कमान किती रुंद हे फोटोखाली लिहिलं की मगच ती इमारत मला पाहिल्यासारखी वाटते. म्हणून कॅमेऱ्याच्या पिशवीत माझी तीस मीटरची टेप असते.

पांढुर्णाच का, तर काही वर्षांपूर्वी इटारसीकडे जाताना गाडी तिथे थांबली होती आणि खिडकीतून एक दगडी इमारत दिसली होती. छप्पर शाबूत, दारं उघडी, आणि प्रत्येक खिडकीतून वेल बाहेर आलेला. तेव्हा उतरता आलं नव्हतं.

काटोल, नरखेड मागे पडलं तशी दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे सुरू झाले. मधूनमधून कपाशी, बोंडं फुटायला लागलेली. डब्यातली अर्धी माणसं मराठीत भांडत होती आणि अर्धी हिंदीत, पण भांडण एकच होतं, बसायच्या जागेवरून. महाराष्ट्राची हद्द केव्हा संपली ते मला कळलं नाही.

पांढुर्ण्याला स्टेशनबाहेर तर्री पोहे खाल्ले. पोह्यांवर हरभऱ्याचा तिखट रस्सा ओततात, तीच तर्री. सुनंदाने पहिल्या घासाला पाणी मागितलं आणि शेवटच्या घासाला अजून तर्री मागितली. टपरीवाला पंचेचाळिशीचा, अंगाने जाड, हात चालू आणि तोंडही चालू.

"कोण्या हापिसात आले?" त्याने विचारलं.

"कुठल्याच नाही. फिरायला आलो."

"पांढुर्ण्यात?" त्याने बाकावरच्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं. "फिराले आले म्हनते."

मी त्याला खिडकीतून पाहिलेल्या दगडी इमारतीचं विचारलं. त्याने झारा खाली ठेवला.

"ते आता रिकामी नाही, भाऊ. जिल्हा झाला न आता. ज्या बिल्डिंगीले छत हाये तिच्यात हापिस बसलं. जिले छत नाही तिचं टेंडर निघालं. तुमी उशिरा आले."

तरीही गेलो. इमारत तीच होती, पण निळा रंग दिलेली, समोर मोटारसायकलींची रांग, दारावर नवी पाटी. वेलांच्या जागी खिडक्यांना जाळ्या. रखवालदाराने आम्हाला अर्ज आणला आहे का विचारलं. सुनंदाला मात्र कुंपणाच्या पायथ्याशी एकदांडी सापडली. एका उंच देठावर एकच पिवळं-पांढरं फूल, ज्याचा पाला आपण लहानपणी जखमेवर चोळायचो तेच. तिने गुडघे टेकून फोटो काढला. माझा कॅमेरा पिशवीतच राहिला.

मंडीच्या मागे एक बंद गोदाम मिळालं. पुढे बेशरमाची झुडपं माजलेली, त्यांना जांभळी फुलं. टेप लावून मी दर्शनी भिंत मोजत असताना एक मोटारसायकल येऊन थांबली. बसलेल्या माणसाने गाडी बंद केली नाही.

"किती निघाले?"

"काय?"

"फूट."

"अठ्ठेचाळीस."

"रोडले लागून अठ्ठेचाळीस म्हणजे चांगले हायेत. मालक माह्या ओळखीचा हाये. बोलू का?"

मला घ्यायचं नाही, असं मी सांगितलं.

"मंग मोजून काहून राहिले?"

"फोटोखाली लिहायला."

तो हसला. भाव पाडण्यासाठी गिऱ्हाईक काय काय बोलतं हे त्याला ठाऊक असावं. त्याने एका चिठ्ठीवर आपला नंबर लिहून दिला आणि म्हणाला, "आज नाही तं उद्या फोन करजा. तुमी घेनारच हा, मी पाहूनच सांगतो." सुनंदा मला म्हणाली की टेप तेवढी आत ठेव. मी ठेवली नाही.

दुपारच्या बसने सौंसरकडे निघालो. वाटेत जामसांवलीला उतरलो, कारण शनिवारी तिथे न उतरता पुढे जाणं बसमधल्या एकाही बाईला पटेना. मारुती इथे आडवा आहे, निजलेला. उभ्या मूर्तीची सवय असलेल्या माणसाला नजर कुठे ठेवावी ते क्षणभर कळत नाही. रांग लांब होती. बाहेर आल्यावर सुनंदा हारवालीसमोर थांबली. मारुतीला वाहायचे रुईच्या पानाफुलांचे हार, आणि शेजारी तोडून आणलेल्या रुईचा ढीग.

"ही रुई लावलेली आहे का?" सुनंदाने विचारलं.

"कोन लावते, बाई? उकिरड्यावर येते."

सुनंदाच्या अटीत बसत होतं. तिने दोन-तीन फोटो काढले.

"फोटोचा हार चढत नाही देवाले," हारवाली म्हणाली. सुनंदाने हार घेतला आणि आम्ही पुन्हा रांगेत उभे राहिलो. पुढची बस त्यामुळे चुकली.

सौंसरला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बसस्टँडजवळ खोली घेतली. जेवायला पाटवड्यांचा रस्सा मिळाला, तेलाचा तवंग अर्धा इंच. लॉजच्या मालकाला मी जुन्या बंद इमारतींचं विचारलं तर त्याने गावाबाहेरच्या जिनिंगचं नाव घेतलं. कापसातली सरकी काढून गाठी बांधायचा जुना कारखाना. मालकाचं कुटुंब नागपुरात असतं, मशिनी केव्हाच विकल्या, म्हणाला. "तेथी आता काही नाही, साप हायेत."

जिनिंग पाहिल्यावर पांढुर्ण्याची रुखरुख गेली. दगडी जोत्यावर लाल विटांची मुख्य इमारत, दर्शनी भिंत एकशे बारा फूट. छपराचे टिन निम्मे उडालेले आणि मागे चौकोनी धुराडं अजून सरळ उभं. पण मला खरी आवडली ती आवाराच्या उजव्या कडेची कामगारांच्या खोल्यांची ओळ. एकाला एक लागून सहा खोल्या, लाकडी दारं, दारांचा हिरवा रंग पोपडे धरलेला. आणि त्यांच्यापुढे अंगणभर कुर्डू. कंबरेएवढा उंच, तुरे खाली गुलाबी आणि टोकाला पांढरे. मधे मधे शेंगा धरलेला तरोटा (आपला टाकळा). दाराच्या उंबऱ्यापासून फुलं सुरू होत होती. सुनंदा आणि मी एकाच जागी एकाच वेळी फोटो काढतो आहोत असं आमच्या प्रवासांत क्वचित होतं.

पाच दारं बंद होती. सहावं, अगदी टोकाचं, उघडं होतं. तिथून धूर येत होता आणि दाराशी बाजेवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मी कॅमेरा असा धरला की ते दार चौकटीबाहेर राहील. तसे बरेच फोटो काढले. मग त्यांच्याजवळ गेलो.

"जय भीम," ते म्हणाले.

"जय भीम, बाबा. जिनिंग पाहायला आलो होतो."

"हे बंद हाये, भाऊ."

"कधीपासून?"

"माही पोरगी झाली त्याच्या दुसऱ्या साली बंद पडली. तिले आता जावई आला." त्यांचं नाव सुखदेव. बंद पडेपर्यंत ते इथेच रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कामाला होते.

मी टेप काढली आणि टोक धरता का, असं त्यांना विचारलं. ते लगेच उठले. दोन्ही हातांनी टोक कोपऱ्याला दाबून धरलं, बिलकुल हलू दिलं नाही. मी आकडे सांगत होतो आणि सुनंदा फोनमध्ये टिपत होती. एक खोली दहा बाय साडेअकरा निघाली.

"आमी बारा समजून राहिलो होतो," सुखदेवबाबा म्हणाले.

मोजताना तोंडाने काही विचारत राहायची मला सवय आहे. किती खोल्यांत माणसं राहतात, बाकीच्या कधीपासून रिकाम्या, त्यांना कुलपं का नाहीत, वीज आहे का. ते आधी मोकळेपणाने सांगत होते, मग तुटक सांगायला लागले. आतून त्यांची सून बाहेर आली, पस्तिशीची, हाताला पीठ.

"मामाजी, कोन हाये?" (सासऱ्यांना इकडे मामाजी म्हणतात.)

"मोजनीवाले हायेत."

हे मी ऐकलं. मोजणी तर चाललीच होती, त्यामुळे मला त्यात दुरुस्त करण्यासारखं काही वाटलं नाही.

ऊन इमारतीच्या मागे गेलं होतं. फुलं सावलीत, भिंत काळपट. इमारतीचं तोंड पूर्वेला असल्यामुळे खरा फोटो सकाळीच मिळणार होता. "उद्या सकाळी येतो," मी म्हणालो. "ऊन समोरून आलं की सगळं नीट दिसेल."

"सगळं म्हणजे?" सुनेने विचारलं.

"हेच. खोल्या, अंगण."

"आनखी कोनी येईल का संगं, साहेब?" सुखदेवबाबांनी विचारलं. तासाभरापूर्वी मी त्यांचा 'भाऊ' होतो. साहेब केव्हा झालो ते माझ्या लक्षात आलं नाही.

"नाही, आम्ही दोघंच."

रविवारी सकाळी ऊन पडता पडता आम्ही जिनिंगच्या फाटकातून आत शिरलो आणि दोघंही थांबलो.

कुर्डू नव्हता. तरोटा नव्हता. अंगण उंबऱ्यापर्यंत खरवडून साफ केलेलं, वर सडा घातलेला आणि टोकाच्या दारापुढे रांगोळी. सहाही खोल्या पोतून काढलेल्या (चुन्याने रंगवलेल्या), शिडी पोचली तिथपर्यंत पांढऱ्या आणि त्याच्या वर जुन्या काळपट. चुना अजून ओला होता. सहाही दारं उघडी होती.

"पहा साहेब," सून म्हणाली. तिचं नाव कुंदा, हे मला तेव्हा कळलं. तिच्या कोपरापर्यंत चुना होता. "सहाच्या सहा. एक बी रिकामी नाही. लिवा."

मी ओळीने पाहत गेलो, कारण तसं पाहणं तिला हवं होतं. पहिल्या खोलीत एक बाई शिलाई मशीनवर बसली होती. मशीनला पट्टा नव्हता. दुसऱ्या खोलीत बाजेवर एक सत्तरीची म्हातारी लसूण सोलत होती, तिसरीत दोन बाया समोरासमोर बसल्या होत्या आणि माझ्याकडे पाहायचं टाळत होत्या. चौथीत दोरीवर ओळीने साड्या वाळत घातल्या होत्या. पाचवीत शेळी बांधलेली होती, आणि तिच्यापुढे कालचा कुर्डू तुऱ्यांसकट पडला होता. शेळी तेवढी खरोखर राहायला आल्यासारखी दिसत होती.

मला आधी फोटो गेल्याचाच राग आला, हे लिहायला हवं. मग सुनंदाने माझ्या बाहीला हात लावला.

"कुंदाताई," मी म्हणालो, "मी कुठल्या हापिसातला नाही. मालकाकडूनही आलेलो नाही. मी पुण्यात नोकरी करतो. मला जुन्या इमारतींचे फोटो काढायची आवड आहे."

मग लसणीवाली म्हातारी उठली. त्या तुळसाबाई, मागच्या वस्तीत राहणाऱ्या. "मंग मी जाऊ का वं घरी? भाजी चुलीवर सोडून आली."

तिसऱ्या खोलीतल्या एकीला हसू फुटलं. "तुळसामाय, तू तं म्हणत होती मी येथी वीस वर्षांपासून हावो."

"म्हनायचीच होती. इचारलंच कोनं नाही."

कुंदाताई हसल्या नाहीत. "आवड," त्या म्हणाल्या. "हे मोजायची आवड?"

"हो."

"पुन्याले मोजाले काही नाही?"

सुखदेवबाबांनी बाज पुढे ओढली आणि आम्हाला बसवलं. सांगितलं ते कुंदाताईंनीच. मालकाच्या पोरांनी जागा विकायला काढली आहे. पोळ्याच्या सुमारास त्यांची दोन माणसं आली, मोबाइलवर फोटो काढले, पावलांनी मोजलं आणि गेली. थोड्या दिवसांनी आवाराच्या पलीकडच्या बाजूला ज्या दोन खोल्या होत्या त्यांना कुलपं पडली. त्यातल्या एकीत माणसं राहत होती. ती संत्र्याच्या तोडीला गेली होती. संत्र्याचा तोडा सुरू झाला की घरंच्या घरं बगीच्यात मुक्कामाला जातात, पाल ठोकून राहतात आणि माल संपला की दुसऱ्या बगीच्यात. महिना महिना घराला यायला होत नाही. दारापुढे गवत वाढतं. मालकाच्या माणसांनी त्या गवताचा फोटो दाखवला, येथे कोणीच राहत नाही म्हणाले, आणि आतलं सामान पोत्यात भरून फाटकापाशी ठेवून दिलं.

"आमी बी तोडीलेच होतो," कुंदाताई म्हणाल्या. "हे अजून बगीच्यातच हायेत, मालाजवळ. मी आन मामाजी पौर्णिमेसाठी आलो, विहारात कार्यक्रम होता. दोन दिवस झाले. गवत कापाले टाइमच नाही भेटला. आन तुमी आले टेप घेऊन." त्यांनी बोटाने अंगण दाखवलं. "उद्या मले वापस जायचं हाये. मामाजीले येथी ठेवलं तं त्यायचं जेवन कोन करन? संगं नेलं तं कुलूप."

म्हणून ते गवत. आणि काल मी तेच गवत पाहून थांबलो होतो.

"तुमच्या जवळ कालचे फोटो हायेत न? दाखवा."

मी कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी एकेक फोटो सावकाश पाहिला. बंद दारं, फुलं, दारं, फुलं.

"यात आमी कोठे हावो?"

मी पुढचा फोटो आणला. तोही फुलांचा होता.

"तुमी आमचं दार सोडून काढले. मी आतून पाहून राहिली होती. म्हटलं, काहून सोडून राहिले? तवाच मले वाटलं." त्या कॅमेऱ्याकडेच पाहत होत्या. "खाली काय लिवनार होते?"

"सौंसरची ओसाड जिनिंग," सुनंदा म्हणाली. मी सांगितलं नसतं.

"ओसाड. अन दोन टाइम चूल पेटते आमची."

हे फोटो मी कुणाला देणार नव्हतो, मालकाला तर नाहीच. पण मी ते मित्रांना पाठवतो, मित्र आणखी कुणाला पाठवतात, आणि एकदा गेलेला फोटो कुठे पोचतो ते मला सांगता येत नाही. तसंच मी त्यांना सांगितलं. मग त्यांच्यासमोर खोल्यांचे सगळे फोटो पुसले. जिनिंगच्या मुख्य इमारतीचे ठेवले. सुनंदाने तिच्या फोनमधला कुर्डू दाखवला. नुसते तुरे, मागे काही ओळखू येत नव्हतं. कुंदाताईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "हा राहू द्या. याले कोनी कुलूप लावत नाही."

मग त्यांनी मुद्द्याचं मागितलं. "आता सहाही खोल्यायचे काढा. माणसं बसूनच हायेत. खाली लिवून द्या की सहा घरं राहतात. मोजून बी लिवा, तुमाले येतेच."

मला ते करता येईना. तसं मी म्हणालो.

"तुमचं काय जाते?"

"माझं काही जात नाही. पण उद्या ते आले आणि शेळीची खोली पाहिली, तर तुमचीही खोटी म्हणतील."

"शेळी माहीच हाये," तुळसाबाई म्हणाल्या. जायला निघालेल्या त्या अजून तिथेच होत्या. "ते काही खोटी नाही."

कुंदाताई रागावल्या होत्या आणि त्यांचा राग योग्य होता. रात्रीचं जेवण बाजूला ठेवून त्यांनी शेजारणी गोळा केल्या होत्या, शिडी मागून आणली होती, आपल्या पैशाचा चुना कालवला होता. एवढं करून समोर उभा होता तो पुण्याचा हौशी माणूस, आणि तो वर खरं-खोटं सांगत होता. त्या मला काही बोलणार तेवढ्यात सुखदेवबाबा बोलले.

"कुंदे, राहू दे. मालकानं मले एकच खोली देल्ली होती. मी कधी दोन मांगितल्या नाही. एकाचाच फोटो काढू दे."

कुंदाताई माझ्याकडे वळल्या. "काढा मंग," म्हणाल्या. "पन असा काढा की कोनाले आंधळं होता येनार नाही."

हे काम मला येत होतं. एखादं काम झालं आहे की नाही याचा वाद उद्या होणार असेल तर फोटोत काय काय दिसायला हवं, हे मला नोकरीत शिकायला मिळालं आहे. विजेचा मीटर त्याच्या नंबरासकट चौकटीत घेतला. दारावर पांढऱ्या रंगाने लिहिलेला खोलीचा जुना क्रमांक ओल्या फडक्याने पुसून वाचण्याजोगा केला. आतला फोटो वेगळा काढला. चूल, पाण्याचा माठ, भांड्यांची फळी, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आणि खाली पौर्णिमेला वाहिलेली, आता सुकलेली फुलं. बाहेरच्या फोटोसाठी दोघांना दाराच्या दोन बाजूंना उभं केलं. कुंदाताईंनी हात धुतले, पण कोपराचा चुना राहू दिला. सुखदेवबाबांनी न सांगता टेपचं टोक उचललं आणि चौकटीला लावून उभे राहिले.

"ते नको, बाबा."

"असू द्या. मोजून देल्ली म्हणून दिसन."

मी फोटो काढला. पलीकडच्या पाच खोल्यांमधून शेजारणी एकेक करून निघाल्या. साड्या काढून घेतल्या, मशीन दोघींनी उचलून नेलं. शेळी शेवटी गेली, कारण तिचा कुर्डू संपला नव्हता.

रविवार असूनही बसस्टँडजवळचा एक फोटो स्टुडिओ उघडा होता. तिथे मोठ्या आकाराच्या चार प्रती काढून वरून प्लास्टिक चढवून घेतलं. प्रत्येकीच्या मागे खोलीचं माप, राहणाऱ्यांची नावं, मीटरचा नंबर आणि ज्या दिवशी फोटो काढला तो दिवस लिहिला, खाली माझं नाव आणि फोन नंबर. प्रती घेऊन जिनिंगवर परत आलो. एक प्रत कुंदाताईंनी स्वतःजवळ ठेवायची ठरवली, एक बगीच्यात नवऱ्याकडे, एक तुळसाबाईंकडे. चौथी त्यांनी माझ्यासमोरच दाराला चार खिळ्यांनी ठोकली. दार बंद, आणि त्या दारावर त्याच दारापुढे उभ्या असलेल्या दोन माणसांचा फोटो. कुंदाताई दोन पावलं मागे सरकून पाहत राहिल्या.

"मामाजी, तुमी फोटोत मालकासारखे दिसून राहिले."

"टेप धरली म्हणून," ते म्हणाले.

त्यांनी जेवायला थांबवून घेतलं. ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, आणि निघताना सुनंदाच्या पिशवीत संत्री. अजून पुरती पिकलेली नाहीत, चार दिवस ठेवा, असं सांगून. चुन्याचे पैसे मी द्यायला काढले, तेव्हा त्यांनी माझा हात दूर सारला.

सोमवारी सकाळी नागपूरची बस पकडली. बगीच्याकडे जाणारा मजुरांचा टेम्पो आमच्या बसच्या पुढे काही अंतर होता, मग एका फाट्यावर वळला. त्यात कुंदाताई आणि सुखदेवबाबा होते की नाही, दिसलं नाही. सुनंदाने या खेपेला बरीच फुलं मिळवली होती. माझ्याजवळ एक गोदाम, एक जिनिंग आणि एक धुराडं एवढंच होतं. सौंसरच्या सर्वांत चांगल्या फोटोत फुलं नाहीत आणि इमारत पडीकही नाही. पुण्यात मित्रांना दाखवला तर एकाने विचारलं, यात जुनं काय आहे? मी त्याला माप सांगितलं. आता कुठल्या दारापुढे गवत दिसलं की मी आधी हाक मारून पाहतो. उत्तर आलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो, आणि त्यात बऱ्याच वेळा एक दिवस वाया जातो.

दिवाळीनंतर कुंदाताईंचा बगीच्यातून फोन आला. मालकाची माणसं येऊन गेली होती. पाच खोल्यांना कुलपं घातली. सहाव्या दारापाशी थांबून त्यांनी फोटो पाहिला, मागची बाजू वाचण्यासाठी एक खिळा उपटला, मग तुळसाबाईंना हाक मारून हे कुणी लिहिलं ते विचारलं. मोठा मोजणीवाला साहेब आला होता, असं तुळसाबाईंनी सांगितलं. त्या माणसांनी आपसात काही बोलून खिळा परत ठोकला आणि ती खोली तशीच सोडली. विकायचं झालं तर आधी सुखदेवबाबांशी बोलू, असंही म्हणून गेले.

"मी मोजणीवाला नाही," मी फोनवर म्हणालो.

"ते आमाले ठाऊक हाये," कुंदाताई म्हणाल्या. "त्यायले कोन सांगते?"

मीही सांगायला गेलो नाही. या सगळ्याचा खर्च म्हणजे स्टुडिओवाल्याला चार प्रतींचे आणि प्लास्टिकचे मिळून चारशे ऐंशी रुपये, रोख. चुन्याचे कुंदाताईंनी घेतले नाहीत. चुना त्यांच्या घराच्या भिंतीवर आहे, त्याचे दुसऱ्याने कशाला द्यायचे, म्हणाल्या.